केतकीनं लिहिलेली उत्तरं

मित्रांनो, दुपारपासून कशात मन लागत नाहीये.

हाटकेश भागात मी करिअर काउन्सेलिंग करते. दहावी झालेली केतकी आज वडिलांसोबत कल-चाचणीचा रिपोर्ट घ्यायला आली. रिपोर्टमध्ये आवड इंजिनीअरिंगची, पण गणिताची क्षमता फारच कमी. मला खटकलं. वडिलांना बाहेर बसवून मी तिला विचारलं.

"मॅडम, आवडीच्या प्रश्नांना मी पप्पांना हवी तीच उत्तरं लिहिली. दादानं आर्ट्स घेतलं तेव्हापासून पप्पा त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांना सांगू नका, प्लीज."

वडील आत आले. "मग, सायन्सच ना?"

"गणित कच्चं आहे, जड जाईल," एवढंच मी म्हटलं.

"क्लास लावू की! काय केतकी?"

"हो पप्पा."

ते खुशीत तिला घेऊन ॲडमिशनला गेले.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं का?