मागची रस्सी

त्या काळात मी देवळात जायचो, पण गाभाऱ्यात वर मान करून कधी बघितले नाही. उंबऱ्याशी उभा राहायचो आणि खाली बघतच परतायचो. घरच्यांना वाटे, माणूस भाविक आहे, लगेच डोळे मिटतो. खरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. आता पंचेचाळिशी आली, झाकून ठेवण्याची ताकदही कमी झाली, म्हणून लिहितो आहे.

बरीच वर्षे दुसऱ्याच्या गाड्या चालवल्यावर मी एक जुना ट्रक घेतला. चिंचवडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला तो लावायचा होता. लावायचा म्हणजे गाडी माझी, चालवणार मीच, पण माल कंपनी देणार आणि दारावर नावही कंपनीचेच. पिंपरी-भोसरीकडे रोज नवी कारखान्याची शेड उभी राहत होती, मालाला तोटा नव्हता. पण नव्या मालकाला यार्डात सहज उभे करत नसत. मुकादमाने सांगितले, "लायसन झालं, कागद झाले, ते ठीक. पण या रस्त्यावरच्या जुन्या ड्रायव्हरपैकी एकानं इथं येऊन तुमच्यासाठी शब्द टाकायचा. आमच्याकडं असंच चालतं. सोमवारपर्यंत माणूस आणा, नाहीतर जागा दुसऱ्या गाडीला जाईल."

मी ओळखीच्या चौघांकडे गेलो. तिघांनी "बघू की राव" म्हणून चहा पाजला. चौथा म्हणाला, "भावा, माझ्या शब्दाला माझ्या घरात कोण विचारत न्हाई, तिथं यार्डात काय?" मी हसलो आणि निघालो. निगडीला आमच्या खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी महिनाभर उभी होती. बायको रोज सकाळी तिची काच पुसायची आणि माझ्याकडे बघायची नाही. तिला सगळे ठाऊक होते, एवढेच ठाऊक नव्हते की ज्याच्या एका शब्दावर काम झाले असते, असा माणूस मला माहीत होता.

ते गेनूतात्या. इंदोरीच्या पुढे चाकण रस्त्याला त्यांचे गाव. मी ड्रायव्हर झालो तो त्यांच्या जोडीला बसून. ताडपत्री कशी ओढायची, रस्सी कुठे आवळायची, उतारावर गाडीचे कसे ऐकायचे, हे त्यांनी शिकवले. त्याच्या आठ वर्षे आधी आम्ही कागदाचे गठ्ठे भरून मुंबईला निघालो होतो. मागची रस्सी बांधायचे काम माझे होते. भूक लागली होती, मी घाई केली. खंडाळ्याच्या घाटात वाऱ्याने ताडपत्री मागून उचलली आणि निम्मा माल भिजून लगदा झाला. परत आल्यावर गाडीच्या मालकाने, शेठने, अंगणात उभे करून विचारले, "मागं कोणी बांधलं होतं?" तात्यांनी माझ्याकडे बघितले. मी जमिनीकडे बघितले. मग ते म्हणाले, "गाडी माझ्या ताब्यात व्हती. रस्सी माझी."

शेठने त्यांना त्याच दिवशी काढले. आमच्या धंद्यात अशी गोष्ट स्टँडवर पोचायला वेळ लागत नाही, त्यांना पुन्हा कोणी गाडी दिली नाही, जुन्या ड्रायव्हरांत मान मात्र राहिला. आणि ती गाडी शेठने मला दिली. मी त्यांच्या जागेवर बसलो, अगदी त्यांच्या उशीवर. तात्या गावी गेले. मी त्यांना एकदाही भेटलो नाही.

सोमवारच्या आदल्या दिवशी मी घोरावडेश्वराचा डोंगर चढलो. लेण्यातल्या थंड अंधारात पिंडीसमोर बसलो आणि पहिल्यांदा काही मागितले. काय मागितले ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, महादेवा, कोणालाही पाठव, फक्त तात्यांकडे जायला लावू नकोस. मागून झाल्यावर मन हलके व्हायला हवे होते. ते झाले नाही. तसाच पायऱ्या उतरलो.

खाली रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. त्याची ताडपत्री सुटून फडफडत होती. पन्नाशीचा ड्रायव्हर एकटाच तिच्याशी झटत होता. मला बघून म्हणाला, "पाहुणं, जरा हात लावा की." मी वर चढलो, ताडपत्री ओढली आणि मागची रस्सी आवळली. त्याने गाठ ओढून बघितली, मग माझ्याकडे बघितले.

"ही कुणी शिकवली?"

"अशीच येते," मी म्हणालो.

"अशी येत न्हाई. उलटा येढा देऊन आवळनारा या रस्त्यावर एकच मानूस व्हता, गेनूतात्या." तो सहज बोलत होता. "अंगावरनं वारं गेलंय त्यांच्या. डावी बाजू गेली. मी तिकडूनच चाललोय. बसायचं असलं तर बसा."

मी बसलो. का बसलो ते मला आजही सांगता येत नाही. पाय उचलला गेला एवढे खरे. तळेगाव गेले, इंदोरी गेली. तात्यांच्या गावच्या फाट्यावर त्याने मला उतरवले आणि पुढे निघून गेला. नाव विचारायचे राहिले. पुढे मी तात्यांच्या घरी त्याचे वर्णन करून विचारले, त्यांना असा कोणी आठवला नाही. मी त्यावर काही म्हणत नाही. रस्त्यावर हजार ड्रायव्हर असतात.

तात्या ओसरीवर खाटेवर पडले होते. केवढा धिप्पाड माणूस, गोधडीखाली दिसत नव्हता. मला बघून म्हणाले, "आलास व्हय." जणू मी परवा येणार होतो आणि थोडा उशीर झाला. मी उभ्यानेच सांगून टाकले. "तात्या, मागची रस्सी मी बांधली होती. ढिली बांधली होती. विचारलं तेव्हा बोललो नाही."

"ठाऊक हाय की. तू बांधलीस तवाच ढिली दिसली मला." त्यांना दम लागत होता. "म्हनलं लोनावळ्याला चहाला थांबू तवा आवळू. आन् इसरलो. बघून सोडली ती चूक माझीच. त्याचा राग न्हाई मला."

मी त्यांच्या पायाशी बसलो.

"राग येगळाच हाय," ते म्हणाले. "आठ वर्सं तुझी गाडी या फाट्यावर आली की हळू व्हायची. मला इथं आवाज यायचा. मी सुनेला म्हनायचो, पानी ठेव, आता वळंल. मग गेअर पडायचा, गाडी निघून जायाची. एकदा तरी वळायचं हुतंस, गाढवा."

खरे होते. दर वेळी त्या फाट्यावर माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जायचा. मला वाटे, ते माझे एकट्याचे गुपित आहे. तिकडे ऐकणारा कान लावून बसला आहे, हे कधी मनातही आले नव्हते. मी त्या ओसरीवर लहान पोरासारखा रडलो. त्यांनी रडू दिले.

यार्डाचे मी बोललो नाही. त्यांनीच विचारले, "गाडी घेतलीस म्हनं, लावलीस कुठं?" मग सांगावे लागले. ऐकून म्हणाले, "उद्या गाडी घिऊन ये. मी येतो."

सोमवारी मी माझी गाडी त्या फाट्यावर वळवली. मी आणि त्यांच्या मुलाने त्यांना उचलून केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवले. यार्डात ते खाली उतरू शकत नव्हते, म्हणून मुकादमच पायरीवर चढून खिडकीशी आला. तात्या म्हणाले, "हा माझा मानूस हाय. याची रस्सी तू तपासून घे. मानूस मी तपासलाय."

मुकादमाने नमस्कार केला, पण तो जुना माणूस होता. म्हणाला, "तात्या, राग नका धरू. घाटात कागद भिजला ती गाडी तुमचीच ना?"

पाच-सहा ड्रायव्हर जवळ उभे होते. तात्या उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "ती रस्सी माझी होती. तात्यांनी माझ्यावरचं स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो." म्हणताना मला पक्के वाटले की जागा गेली. आश्चर्य असे की त्या क्षणी तिची ओढच उरली नव्हती. जाऊ दे म्हटले, महादेवा, तुझी मर्जी.

मुकादम पायरीवरून खाली उतरला. मग म्हणाला, "आठ वर्षं झोप लागली नसेल. आता असा माणूस रस्सी ढिली कशाला सोडतोय? लाव गाडी रांगेत, नंबराला."

तात्यांना घरी पोचवायला निघालो. रस्ता मोकळा होता. तळेगाव सोडल्यावर त्यांनी आपला चांगला उजवा हात उचलला आणि गेअरवर असलेल्या माझ्या हातावर ठेवला. चढ आला की तो हात थोडा दाबायचा आणि मी गेअर बदलायचो. उतारावर हलका पडायचा. मी स्वतःचे काही ठरवले नाही. त्यांच्या दारापर्यंत आम्ही असेच गेलो.

दिवाळीआधी तात्या गेले. महादेवाने माझे मागणे ऐकले नाही, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो, आणि आता मान वर करून मानतो. गाडी चांगली चालली आहे. तरी चढ लागला की गेअरवरचा हात मी क्षणभर तसाच ठेवतो, दाब येईल म्हणून.