जुईचा चोर

गच्चीवरच्या माझ्या जुईची फुले चोरल्याबद्दल मी भर सभेत एका निरपराध बाईला चोर ठरवले, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

लग्नाच्या वाढदिवसाला रोप आणून सुनंदाला म्हणालो होतो, "घे, तुझ्यासाठी!" त्या क्षणापासून वेल माझी झाली. चेन्नईच्या उन्हात ती अशी फोफावली की पाण्याच्या टाकीवर चढून तिने मरीनाचा समुद्रही पाहिला असावा!

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कोल्हापूरचा मेहुणा प्रकाश लगेच म्हणाला, "दाजी, हा कुंद आहे."

"अरे, देठाशी कानांसारखी दोन चिमुकली पानं दिसत नाहीत? जुईच!"

"उमललेलं फूल दाखवा. पाकळ्या मोजू, मग बोलू."

इथेच घोडे अडले. सकाळी कळ्या शेकड्यांनी. जेवून मी तासभर आडवा व्हायचो (सुनंदाच्या मते तीन तास), आणि संध्याकाळी पाहावे तर वेल साफ! असे दोन महिने.

संशय एकच: तळमजल्यावरच्या मामी (इथे शेजारणीलाही मामीच म्हणतात). तंजावरकडच्या मराठी, आणि डोक्यात फुले नाहीत असा दिवस नाही!

रविवारी संध्याकाळी सोसायटीची सभा होती. विषय पाण्याचा टँकर. इतक्यात मला वास आला. डोळे मिटले, खात्री केली आणि उठलो.

"टँकर राहू द्या! जुईचा चोर इथेच बसलाय! मामी, डोक्यात काय आहे तुमच्या?"

(रागात मला फक्त मराठी येते. त्यामुळे माझा आरोप मामींनाच तमिळमध्ये सगळ्यांना सांगावा लागला. त्यांनी तो एक शब्दही न गाळता सांगितला.)

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कनकांबरम हो, राव! तुमची अबोली. तिला वास कुठला?"

डोळे उघडले. फुले केशरी होती.

"मग वास?"

"नाकापुढं बघा की!"

नाकापुढे, पुढच्याच खुर्चीत, सुनंदाचा अंबाडा होता. त्यावर वीतभर पांढराशुभ्र गजरा, नुकता उमलत असलेला.

"उमललेलं फूल इथं कोण ओवतं, राव? दुपारी कळ्या खुडायच्या, सांजेला केसांत उमलतात. मीच शिकवलं तिला."

सुनंदा मागे वळलीसुद्धा नाही. "दोन महिने रोज विचारते, गजरा कसा दिसतोय? रोज म्हणता, हं."

"पेपर वाचत असेन गं..."

"पानाचे कान दिसले तुम्हाला. माझं डोकं नाही दिसलं!"

मामींनी हेही तमिळमध्ये सांगितले. सभा टँकर विसरली.

मामींची माफी मागायला तीन मजले उतरलो. तीस उतरल्यासारखे वाटले. त्यांनी कॉफी दिली, वर सुनंदासाठी दोऱ्याचे रीळ.

घरी येऊन गजऱ्याचा जवळून फोटो काढला, प्रकाशला पाठवला आणि लिहिले, "मोज पाकळ्या!"

उत्तर लगेच आले. "जुई तर जुई. पण दाजी, ताई किती छान दिसतेय!"

फोटोत फक्त अंबाडा होता. तेवढ्यावरून त्याने बहीण ओळखली. मी मात्र पाकळ्याच मोजत होतो, आणि त्याही चुकल्या.