काळी वायर, राखाडी वायर

"कोणी उघडलं हे इंजिन? खरं सांग केयूर, कोणी हात घातला याच्यात?"

उत्तरा घाडीगावकरचा आवाज चढला की भटवाडीतल्या त्या मजल्यावरच्या शेजारणी टीव्हीचा आवाज कमी करतात. सिरीयलपेक्षा हे बरं ना! त्या दिवशी तर ती अशी भडकली होती, की दारात उभा असलेला केयूर चप्पल काढायचीच विसरला.

केयूर मुलुंडचा. चांगला नोकरदार, बायकोमुलीचा माणूस, आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचा वेडा. हसताय? हसा खुशाल. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत असे कितीतरी वेडे आहेत. कपाट विकून तिथे रूळ मांडतात आणि वीतभर लांबीच्या इंजिनाला पोटच्या पोरासारखं जपतात. पोराला ताप आला तर डॉक्टर गल्लोगल्ली मिळतो हो, पण असलं इंजिन बंद पडलं तर जायचं कुठे? भटवाडीत. उत्तराकाकूंकडे.

उत्तराचे वडील गिरणीत होते. गिरणी बसली आणि ही पोर अंधेरीच्या एका कारखान्यात सोल्डरिंगला लागली. भिंगाखाली डोळा घालून अख्खी नोकरी काढली तिने. तांदळाच्या कणीएवढे भाग असे जोडायची, की सुपरवायझर नव्या मुलींना बोलावून दाखवायचा. रिटायर झाल्यावर कुणीतरी एक मेलेलं इंजिन आणून दिलं. तिने दुपारच्या चहाआधी जिवंत केलं. झालं! व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव झालं आणि बैठकीच्या खोलीतलं शिलाई मशीनचं टेबल इंजिनांच्या दवाखान्यासाठी गेलं ते गेलंच. "उत्तराकाकूंचा हात" असं ती मंडळी म्हणायची. त्या दोन शब्दांवर ही बाई जगत होती म्हटलं तरी चालेल. कुणी साडीचं कौतुक केलं तर लक्ष नसायचं, जोडाचं केलं की गालातल्या गालात हसायची.

आणि आता त्याच हातून गेलेलं इंजिन केयूरच्या रुळांवर धूर ओकून मेलं होतं.

"काकू, मी फक्त रुळावर ठेवलं," केयूर म्हणाला. "वीज दिली आणि भसकन धूर. मुलगी घाबरून रडायला लागली."

उत्तराने झाकण काढलं, भिंग ओढलं. या इंजिनांच्या पोटात नखाएवढी एक पाटी असते, डिकोडर. तोच त्यांचा मेंदू. लाल आणि काळी वायर रुळांवरची वीज त्याला आणून देतात, नारिंगी आणि राखाडी तीच वीज मोटरला पोचवतात. एवढंच शास्त्र. पण काळीच्या जागी राखाडी लागली की मेंदू जळून खाक.

तिने मान तिरकी केली. ट्यूब बदलायला हवी, ती पुटपुटली. कित्येक महिने हेच चाललं होतं. कधी ट्यूब वाईट, कधी भिंगाची काच वाईट, कधी चष्मेवाला चोर.

"हे बघा ना," केयूरने मोबाईल पुढे केला. "मी फोटो काढलाय. मोठा करून बघा."

पडद्यावर इंजिनाचं पोट ताटाएवढं झालं, तेव्हा तिला दिसलं. काळी आणि राखाडी उलट्या! आणि सोल्डरचे कसले ते गोळे, भिंतीवर गिलावा थापल्यासारखे. उत्तरा हबकलीच. तिच्या उभ्या आयुष्यात तिने असा जोड केला नव्हता. शेजारीच दिव्याच्या वायरचा जोड होता, होळीच्या सुमारास याच इंजिनावर केलेला. बारीक, चकचकीत, नजर लागावी असा.

"हा माझा," तिने त्या सुंदर जोडावर बोट आपटलं. "आणि ही घाण माझी नाही. म्हणजे मी दिल्यावर कुणीतरी उघडलं. तूच उघडलंस!"

"जळाल्यावर उघडलं, काकू. आधी नाही, शप्पथ."

"मग काय भुताने केलं?"

केयूरचा चेहरा पार उतरला. तो इंजिन तिथेच ठेवून गेला. तेवढ्यावर थांबेल ती उत्तरा कसली! तिने फोन तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या ग्रुपला बोलून कळवलं: मुलुंडचा केयूर स्वतः इंजिन उघडतो, वाट लावतो आणि खापर माझ्यावर फोडतो. यापुढे त्याचं एकही इंजिन मी हातात घेणार नाही. पाठोपाठ लोकांचे निरोप आले. बिचाऱ्या केयूरला सगळ्यांनी मिळून धुतला.

दुपारी तिचा नवरा चंद्रप्रकाश कणकवलीहून आला. आजारी बहिणीला बघायला गेला होता, आठवडाभर तिकडेच अडकला. आयुष्यभर कंपनीची बस चालवली या माणसाने. घरातला बल्ब बदलायचा तरी उत्तराला हाक. रिटायर झाल्यावर तो तिच्या टेबलाशी बसून बॅटरी धरायचा आणि शिव्या खायचा. "हलवू नका हो! सोल्डरिंगचं आयर्न तिरकं टेकवायचं, मग सोल्डर आपसूक वाहतं. एवढंसुद्धा कळत नाही?" शेजारपाजारी म्हणायचे, काय देवमाणूस आहे.

कोकमांची पिशवी खाली ठेवायच्या आत तिने फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "बघा, बघा! मी म्हणे असं काम केलं! आणि हा बघा माझा जोड. फरक आंधळ्याला पण कळेल."

चंद्रप्रकाशने फोटो पाहिला आणि तो स्टुलावर बसला. "ह्या तू कधी केलंस?"

"तुम्ही गेल्यावर. लगेच घेऊन गेला तो. का?"

"माका बघूक गावला नाय," तो म्हणाला.

"तुम्हाला कशाला बघायचंय? तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

घामाघूम झालेला तो माणूस नुसता पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. बहिणीचं काही वाईट झालं की काय, असं उत्तराला वाटलं.

"अहो, बोला ना!"

"उत्तरा," तो हळू आवाजात म्हणाला, "हो वाईट जोड तुझो. आणि चांगलो… तो माझो."

तिला आधी हसूच आलं. काय गंमत आहे! मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विझलं.

त्याने सगळं सांगितलं. दिवाळीपासून ती निळ्या साडीवर काळा ब्लाऊज घालायची आणि निळा म्हणायची. डाळीतले खडे दाताखाली यायचे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर धावून यायची. मग होळीच्या आधी एकदा ती बाजारात गेली असताना त्याने सहज एका इंजिनाचा फोटो काढून मोठा केला आणि तिचे बिघडलेले जोड त्याला दिसले. त्या दिवसापासून ती भाजीला गेली की तो झाकण उघडायचा, तिचे जोड सोडवायचा आणि नव्याने करायचा. आधी भंगारातल्या पाट्यांवर हात बसवला. बोटं भाजली तर स्वयंपाकात भाजली म्हणून सांगितलं.

"सगळी इंजिनं?"

"बहुतेक."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुका कसा सांगू?" तो म्हणाला. "लोक हात-हात म्हणत. तू कशी हसायचंस गो."

उत्तराच्या पायाखालची जमीनच गेली. लोकांनी वाखाणलेलं ते सगळं काम, ते फोटो, त्याखाली उमटलेले अंगठे! ते सगळं या माणसाचं, ज्याला तिने रोज अडाणी म्हटलं. तिला संताप आला, त्याचा की स्वतःचा तेही कळेना. तिने खण उघडला, वायरींचा गुंता काढला आणि दोन तुकडे उचलले.

"हे बघा. ही काळी. ही राखाडी. दिसतंय मला!"

चंद्रप्रकाशने त्या वायरी निरखल्या.

"सांगा ना! बरोबर आहे की नाही?"

"दोनीव काळ्येच आसत," तो म्हणाला.

ती खिडकीपाशी गेली. भर दुपारचं ऊन, सावलीचा पत्ता नाही. तिने वायरी डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, मान तिरकी केली. मधोमध नुसता धूसर गोळा होता, बोटाने पुसला तरी न जाणारा. तो महिनोन् महिने तिथेच होता आणि हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं हो! ट्यूबला शिव्या घालताना ठाऊक होतं, चष्मेवाल्याशी भांडताना ठाऊक होतं. ती खाली बसली.

मग तिला केयूरचा चेहरा आठवला.

"फोन द्या," ती म्हणाली. "ग्रुप काढून द्या."

"उद्या सांग गो. आधी डॉक्टरकडे जाऊया."

"आत्ता. त्या पोराला अख्ख्या मुंबईसमोर खोटं पाडलंय मी."

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने बटण दाबून धरलं. कारखान्यात भल्याभल्या साहेबांना ऐकवणारी ही बाई, पण बटण एकदा सोडलं, पुन्हा दाबलं.

"मी उत्तरा घाडीगावकर बोलतेय. केयूरने काही उघडलं नव्हतं. काळी आणि राखाडी मी उलट्या लावल्या. केयूर, माझं चुकलं, तुझ्या मुलीला सांग. आणि होळीपासून तुम्ही ज्या जोडांचं कौतुक केलंत, ते आमच्या ह्यांनी केलेत." चंद्रप्रकाश हात हलवून नको-नको करत होता. ती थांबली नाही. "मला दिसत नाही रे पोरांनो. दिवाळीपासून दिसत नाही."

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. ते ऐकून तिलाच धक्का बसला. तिने अंगठा उचलला आणि फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला.

"गेलं का हो ते?" तिने विचारलं.

चंद्रप्रकाशने डोळे पुसून पडद्यावर पाहिलं.

"गेला," तो म्हणाला.