गप्प होणारं यंत्र

डेअरीतल्या दूध तापवणाऱ्या यंत्राचा कंट्रोल रूमशी संपर्क मधूनच तुटायचा, आपोआप जुळायचा. टाकीभर दूध नासण्याची धास्ती होती. "यंत्रातलं संपर्काचं कार्डच बदला," सगळे म्हणत होते. तिथली इंजिनीअर, माझी मुलगी मेघना म्हणाली, "आधी ते गप्प कधी होतं, ते बघू."

मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ती पडद्यासमोर शांत बसली होती. शेजारचा मोठा पंप सुरू झाला आणि पडद्यावरचे तापमानाचे आकडे थिजले.

"बाबा, बघितलंत?"

पंपाच्या केबलमधली वीज खेटून गेलेल्या सिग्नलच्या तारेत गोंधळ करत होती; ती तार तिने वेगळ्या वाटेने ओढून घेतली. पंप पुन्हा सुरू केला. आकडे हलत राहिले.

मधूनच अबोल होणाऱ्या माणसापाशीही असंच बसावं लागतं. मला ते कधी जमलं नाही.

जाताना फाटकावर कुणीतरी विचारलं, "आपण कोण?"

"मेघनाचा बाबा," मी जरा मोठ्यानंच सांगितलं.