दिवा कोणी लावायचा

अकोल्याला मला मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती माझ्या राहण्याची. बडनेऱ्याहून रोज रेल्वेनं जाणं-येणं बाबांना पसंत नव्हतं. ते स्वतः रेल्वेत खलाशी, त्यामुळे गाड्यांच्या वेळेवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. शेवटी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका वकिलांकडे शब्द टाकला, आणि वकिलांच्या घरामागची, पूर्वी जळण ठेवायची ती खोली चुना लावून मला मिळाली.

बाईंनी सगळं आधीच सांगून टाकलं होतं. मुलगी बौद्ध आहे, नागपूरला दीक्षा झाली तेव्हापासून घरानं जुने देव सोडलेत, मग मागाहून कुरकुर नको. वकीलसाहेब म्हणाले, आमची काही हरकत नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, काय म्हणाल्या ते मला कोणी सांगितलं नाही. पण पहिले काही महिने माझा कप वेगळा होता. चहा प्यायचा, कप विसळायचा आणि मागच्या खिडकीत पालथा घालायचा. मग एकदा घरी पाहुणे फार आले, कप कमी पडले, आणि त्या गडबडीत माझा कप आत गेला तो परत खिडकीत आलाच नाही. 

काकू अंगानं भरलेल्या, गोऱ्यापान, आणि बोलायला लागल्या की चुलीवरची भाजी करपेपर्यंत न थांबणाऱ्या. लेकी लग्न होऊन गेलेल्या. वकीलसाहेब कोर्टातून आले की घरात एक शब्द बोलत नसत, त्यामुळे दिवसभराचं साठलेलं सगळं माझ्या वाट्याला यायचं. संध्याकाळ झाली की मात्र त्या गप्पा अर्ध्यावर टाकून उठत. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात त्यांचे देव होते. तिथं निरांजन लावून, हात जोडून, पुटपुटत उभ्या राहत. तेवढ्यात कोणी हाक मारली तरी ओ देत नसत. मी माझ्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची. भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या, असा आमचा दोघींचा शेजार छान चालला होता.

मार्गशीर्षात काकूंच्या भाचीचं लग्न अकोटला निघालं. वकीलसाहेबांनाही जावं लागणार होतं. एका संध्याकाळी काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात घराची किल्ली होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही नसताना रोज दिवेलागणीला माझ्या देवांपुढं दिवा लाव. वात, तेल सगळं काढून ठेवते. मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं. तुलाच सांगायचं."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. काही महिन्यांपूर्वी माझा कप खिडकीत ठेवणारी बाई आज मला स्वयंपाकघरातून थेट देवापर्यंत जायला सांगत होती. एवढं अंतर त्यांनी कसं कापलं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि मला ते करता येणार नव्हतं. दीक्षेच्या वेळी आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा शाळकरी असताना उभं राहून, या देवांची पूजा करणार नाही असं म्हटलं होतं.

मी चाचरत एवढंच म्हटलं की घरी विचारून सांगते. काकूंचा चेहरा जरा उतरला.

ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या वकीलसाहेबांनी मात्र त्या दिवशी मौन सोडलं. हा काही कठीण मामला नाही, असं त्यांचं मत पडलं. दिवा हिचा, तेल हिचं, पुण्यही हिचंच. तुझा नुसता हात, म्हणजे तू मुखत्यार. मुखत्यारानं सही केली म्हणून जमीन काही त्याची होत नाही. त्यांनी हे इतकं बिनतोड मांडलं की मला हसू आलं, आणि खोलीत आल्यावर मनाला पटलं मात्र काहीच नाही.

रविवारी बडनेऱ्याला गेले. बाबांनी ऐकून घेतलं आणि जेवता जेवता निकाल दिला. नाही म्हणजे नाही. एकदा सोडलं ते सोडलं. दुसऱ्याच्या घरचा असला म्हणून काय झालं, दिवा तो दिवाच.

मायला ते पटलं नाही. त्या बाईनं आपल्या पोरीला चुलीपर्यंत येऊ दिलं, तिच्या मनाचा काही विचार कराल की नाही, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, ती कोण मोठी लागून गेली. माय म्हणाली, मोठी नाही, पण बदलून राहिली ना. मग दोघांची अशी जुंपली की मी कशासाठी आले होते ते दोघंही विसरले. भाकरी गार झाली.

शेवटी मायच माझ्याकडे वळली. "आमाले काहून इचारतं? तिथं आमी थोडेच येऊन राहिलो. तुलेच उभं रायचं हाय त्या देवापुढं. तुह्या मनाले इचार."

परतीच्या गाडीत माझ्या शेजारी एक म्हातारी संत्री सोलत बसली होती. तिनं दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. त्या खाता खाता मला मायचीच एक गोष्ट आठवली. दीक्षेहून परत आल्यावर तिनं आमच्या घरातले देवांचे टाक पदरात बांधले आणि नदीवर नेऊन सोडले. तिला कोणी ओढून नेलं नव्हतं, ती स्वतः पुढं चालत होती. तरी पुढं कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की तिच्या हातात काडेपेटी यायची, पाय आपोआप रिकाम्या कोनाड्याकडे वळायचे, आणि मग ती थबकून स्वतःशीच हसायची. सोडणं तिला सोपं गेलं नव्हतं. पण सोडलं ते मनापासून. आणि काकू लावत होत्या, त्याही मनापासूनच. या दोघींच्या मधे मीच एकटी नुसती काडी ओढून मोकळी होणार होते. मूर्तिजापूर स्टेशन गेलं आणि माझं ठरलं.

काकूंना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. घर झाडीन, अंगण सारवीन, तुळशीला पाणी घालीन, मांजरीला दूध देईन. दिवा मात्र मी लावणार नाही.

"काकू, तुम्ही कशा उभ्या राहता ते मी रोज पाहते. मला तसं उभं राहता येणार नाही. तुमच्या देवापुढं मला नाटक करायचं नाही."

काकू नुसत्या "बरं" म्हणाल्या. त्यांचं ते एका शब्दाचं बोलणं मला फार लागलं, कारण एका शब्दात त्यांचं कधी भागत नसे. मग निघेपर्यंत गप्पा बंद. किल्ली शेजारच्या वहिनींकडे गेली. या वहिनींचे यजमान पोस्टात होते, आणि गल्लीतली झाडून सगळी कामं आपल्याशिवाय अडतात असा वहिनींचा समज होता.

काकू आणि वकीलसाहेब गेले. पहिल्या संध्याकाळी वहिनींनी थाटात दिवा लावला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तो वहिनींचा भाऊ टांगा घेऊन दारात उभा. त्यांच्या आईला बरं नव्हतं आणि माहेरी ताबडतोब बोलावलं होतं. वहिनींनी घाईघाईनं किल्ली माझ्या हातात कोंबली.

"तूच लाव आता. नाही लावला तरी मी त्यांना लावला म्हणूनच सांगते. कोणाले समजून राहिलं?"

मी काही म्हणायच्या आत टांगा वळणावर गेला होता.

दिवेलागणीला मी कुलूप काढलं. ठरल्याप्रमाणे घर झाडलं, मांजरीला दूध दिलं. कोनाड्यात निरांजन घासून ठेवलेलं, शेजारी वाती, शेजारी काडेपेटी. पितळेचा बाळकृष्ण हातात लोणी घेऊन निवांत बसला होता. त्याची काही तक्रार दिसत नव्हती. पण अंधार पडायला लागला तसं मला वाईट वाटायला लागलं. देवाचं नाही, काकूंचं. अकोटला लग्नाच्या गर्दीत त्या या वेळी नक्की थबकल्या असतील आणि मनातल्या मनात हा कोनाडा उजळलेला पाहत असतील. मी काडेपेटी उचलली. लावला तर काकू सुखी, न लावला तर वहिनी तसंही सांगणारच होत्या. अडत होतं ते फक्त माझं. मी काडेपेटी होती तिथं ठेवली आणि कुलूप घालून बाहेर आले. माझ्या खोलीत त्रिशरण म्हटलं, पण मन काही लागलं नाही. काकू येईपर्यंतच्या सगळ्याच संध्याकाळी अशा गेल्या.

काकू परतल्या त्या दिवशी सकाळीच वहिनीही माहेरून आल्या होत्या. आईला आता बरं होतं. त्यांनी फाटकातच काकूंना गाठलं, दिवा रोज लागला, काळजीचं कारण नाही, असं सांगून टाकलं. काकू खुशीत होत्या. मधला अबोला विसरून त्यांनी मला हाक मारली, लग्नातले बुंदीचे लाडू पुढं केले, आणि वरपक्षाच्या मानापमानाची हकिकत रंगवून सांगायला लागल्या. मला कोणी काही विचारलंच नव्हतं. लाडू खावा, हूं हूं करावं आणि खोलीत जावं, एवढं सोपं होतं. शिवाय बोलले असते तर वहिनी उघड्या पडल्या असत्या. पण लाडू घशाखाली उतरेना.

"काकू," मी म्हटलं, "पहिल्या दिवशी वहिनींनी दिवा लावला. मग त्यांना आईच्या आजारपणामुळे जावं लागलं. किल्ली माझ्याजवळ होती. मी नाही लावला."

काकू हकिकत अर्ध्यावर टाकून उठून आत गेल्या. काडी ओढल्याचा आवाज आला. खूप वेळानं बाहेर आल्या.

"मी विचारलं होतं का तुला?"

"नाही."

"मग काहून सांगितलं?"

 "लाडू जात नव्हता," मी म्हटलं. काकूंना जे हसू फुटलं ते आवरेना. वकीलसाहेबसुद्धा वर्तमानपत्राच्या मागं हसत असावेत, कारण कागद हलत होता.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. काकूंच्या पोटात काही राहत नसे, त्यामुळे बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दोरीवर कपडे वाळत घालतानासुद्धा माझ्याकडे पाठ करून घालत. मी त्यांची माफी मागायला गेले तर म्हणाल्या, आम्हाला कुठं तुमच्यासारखं खरं बोलता येते. संक्रांतीला मात्र स्वतः दारात आल्या. तिळगूळ माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "घे. गोड बोल, अन् जरा कमी बोल." तिथून आमचं पुन्हा सुरळीत झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी काकूंना परत अकोटला जायचा प्रसंग आला. या वेळी त्यांनी दिव्याचं कोणालाच सांगितलं नाही. सगळे देव सोवळ्याच्या कापडात गुंडाळले, डब्यात घातले, आणि डबा मांडीवर घेऊन एस.टी.त बसल्या. वकीलसाहेबांनी देवांचं अर्धं तिकीट काढावं लागेल का, अशी कंडक्टरकडे गंभीरपणे चौकशी केली म्हणतात. घर माझ्यावर सोपवलं होतं.

परत आल्या तेव्हा काकू पिशवीही खाली न ठेवता सांगायला लागल्या. येताना वाटेत बस बिघडली. ड्रायव्हर खाली वाकून खुडबुड करून राहिला, लोक उतरून बाभळीखाली बसले, आणि इकडे सूर्य बुडाला. काकूंनी रस्त्याच्या पुलाच्या कठड्यावर पदर पसरला, देव मांडले आणि निरांजन लावलं. वारा होता, म्हणून एका शेतकऱ्यानं आपलं उपरणं आडोशाला धरलं. वकीलसाहेब लाजून बसच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. कंडक्टरनं प्रसाद मागितला, तर जवळचे फुटाणे वाटले.

"इतक्या लोकांसमोर तुम्हाला काही वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटलं ना," काकू म्हणाल्या. "हे तर म्हणत होते, एक दिवस नाही लावला तर काय होते. मी बसले होते गुमान. पण दिवेलागण झाली आणि मला बसवेना. तुला तो लाडू जात नव्हता ना, तसंच."