ताहितीला गेलेला आवाज

"ज्या गावाला जायचं, तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत हाक मारता आली पाहिजे. नाहीतर आपण पाहुणे नाही, नुसतं सामान."

पेणच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवताना सुनीती टिपणीस हे एकदा बोलून गेल्या. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. आपल्याकडच्या नकाशात पॅसिफिक महासागर चिरलेला असतो, अर्धा या कडेला, अर्धा त्या. डाव्या कडेला माशीनं घाण करावी तसा एक ठिपका. हमरापूरहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हितं माणसं र्‍हातात?"

"राहतात. ताहिती म्हणतात त्याला."

"काय बोलतात?"

बाईंना सांगता आलं नाही. वर्गापुढं ते वाक्य बोलून त्यांनी वेळ मारून नेली खरी, पण तो ठिपका त्यांच्या मागं लागला.

श्यामला दिघे त्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. राहायला रोह्याला, रोज पॅसेंजरनं येणंजाणं. सुनीतीबाईंचं लग्न झालेलं नव्हतं, भावंडं लांब, त्यामुळं जे काही बोलायचं ते श्यामलेपाशी. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी पेण स्टेशनच्या बाकावर, मांडीवर नारळ आणि शाल घेऊन बसल्या असताना बोलणं काढलं ते श्यामलाबाईंनी.

"सुनू, तुझ्या त्या ठिपक्यावर जाऊ या. दोघीच. नवरे नकोत."

"मला कुठं आहे?"

"मग माझा नको!"

तिथं कचेरीत फ्रेंच चालते आणि ओटीवर ताहिती, हे सुनीतीबाईंनी तोवर शोधून काढलं होतं. वाटणी तिथंच झाली. श्यामलेनं फ्रेंच शिकायची, सुनूनं ताहिती. "म्हणजे एकीला सोडून दुसरी जाऊच शकणार नाही," श्यामलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळी मागितली. सुनीतीबाईंनी दिली. त्यांच्या लेखी ते लग्न लागण्याइतकं पक्कं होतं.

मग त्या शिकू लागल्या. मोबाइलवर ताहितीतली एक म्हातारी मासे साफ करता करता बोलायची. तिच्याबरोबर त्याही बोलायच्या, सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत. इआ ओराना म्हणजे नमस्कार. माउरूउरू म्हणजे आभार. सगळ्यांत त्यांचा जीव जडला तो एका हाकेवर. हाएरे माइ, ए तामाआ. ये, जेवायला ये. पानावर बसलेला माणूस रस्त्यानं जाणार्‍या कुणालाही ही हाक घालतो, असं ती म्हातारी सांगायची. एकट्या घरात, एकटं ताट वाढून घेताना सुनीतीबाई ते भिंतीला म्हणायच्या. भिंत येत नसे.

दर गुरुवारी सुकट विकायला बायजाबाई यायची. बाई तिलाही इआ ओराना घालत.

"व्हय व्हय, तुजा वराना र्‍हाऊ दे," बायजाबाई पाटी उतरवत म्हणे. "सोडं घेतेस का नाय ते बोल गो बाय. तितं जाशील तवा जाशील."

श्यामलाबाईंची फ्रेंच बोंजूरच्या पुढं गेली नाही. "तू आहेस ना," म्हणायच्या. जाणंही पुढं सरकेना. एका वर्षी मुलीचं बाळंतपण आलं. मग नवर्‍याचं, बाळासाहेबांचं हृदयाचं ऑपरेशन. मग मुलगा गोपाळ न्यूझीलंडला गेला, त्याची धावपळ. "पुढच्या वर्षी, सुनू. नक्की." सुनीतीबाईंचा पासपोर्ट एकही शिक्का न बसता संपला. त्यांनी तो नवा करून आणला.

गेल्या नवरात्रात श्यामलाबाई मुद्दाम पेणला आल्या. दिवाळी झाली की गोपाळकडं ऑकलंडला जायचं होतं, दोन महिन्यांसाठी.

"तिकडं मला करमायचं नाही गं. असं कर, तुझं सगळं ताहिती माझ्या फोनमध्ये बोलून ठेव. तुझा आवाज ऐकत पाठ करीन. आले की पुढच्या वर्षी आपण सुटलोच."

इतक्या वर्षांनी श्यामला मनावर घेतेय, यानं सुनीतीबाईंना भरून आलं. पडवीत बसून त्या बोलल्या. एकेक वाक्य दोनदा, सावकाश, वर्गात बोलत तसं. मध्येच रस्त्यावरून बायजाबाईची आरोळी आली. "पुन्हा घेऊ का?" बाईंनी विचारलं. "असू दे गं, छान वाटतं," श्यामलाबाई म्हणाल्या.

संक्रांत झाली आणि परत आलेल्या श्यामलाबाईंचा रोह्याहून फोन आला. "रविवारी माझ्याकडं हळदीकुंकू. लवकर ये, वाणाचं तुझ्याकडं."

वाण लुटायला नेहमी सुनीतीबाईच असायच्या. त्या दुपारीच पोचल्या. बायका जमायच्या होत्या. स्वयंपाकघराच्या कोपर्‍यात खोका होता. वाण ताटात मांडायला म्हणून त्यांनी तो फोडला. आत साबणाच्या वड्या होत्या, पांढर्‍या फुलाचं चित्र असलेल्या. ते फूल त्यांना ओळखीचं होतं, मोबाइलवरच्या म्हातारीच्या कानावर असायचं. खाली फ्रेंचमध्ये काहीबाही छापलेलं होतं आणि ठळक अक्षरांत ताहिती.

श्यामलाबाई गुळपोळ्यांचा डबा घेऊन आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"अगं, सांगणारच होते. गोपाळनं ऐनवेळी काढलं. ऑकलंडहून सरळ विमान आहे म्हणाला. मी नको म्हणून काय उपयोग? तुला तिथून कळवलं असतं तर वाईट वाटलं असतं तुला."

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या. ऐनवेळी म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. पोराच्या हट्टापुढं आईचं काय चालतं? असं मनाशी घोकत त्यांनी साबण ताटात रचले, एकसारखे, कडेला कड लावून. हात ठरल्याप्रमाणे चालत होते. हातांना उशिरा कळतं.

बायका आल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. साबण हुंगून सगळ्या चकित. "अय्या, परदेशी वाण! दाखवा ना फोटो!" मग टीव्हीला फोन जोडायला बाळासाहेबांना आतून बोलावलं. वायर खोचता खोचता ते सुनीतीबाईंकडं वळून मोकळेपणानं म्हणाले, "अहो बाई, तुम्ही हव्या होतात. मी गणपतीतच म्हटलं हिला, गोपाळ ताहितीची तिकिटं काढतोय तर सुनीतीबाईंचंही विचार त्याला. ही म्हणाली, त्यांना नाही जमायचं."

गणपतीत. म्हणजे नवरात्रात पडवीत येऊन बसली, तेव्हा तिकीट हिच्या घरात होतं. आवाज मागितला, तेव्हा ठाऊक होतं. आपल्या वाटणीची भाषा ती फोनमध्ये भरून घेऊन गेली, आणि आपणच ती सावकाश, दोनदा म्हणून दिली.

श्यामलाबाई टीव्हीकडंच पाहत राहिल्या.

गोपाळनं काढलेला व्हिडिओ लागला, पडद्यावर बाजार आला. फुलांच्या माळा, केळी, कानावर फूल खोचलेली एक जाडजूड विक्रेती. तिच्यापुढं श्यामलाबाई, डोक्यावर गवती टोपी. त्यांनी फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि फोनमधून सुनीतीबाईंचा आवाज निघाला. इआ ओराना. इआ ओराना. त्यामागून लगेच, स्वच्छ ऐकू येईलशी, आरोळी आली, "सोडं हायत, सुकट हाय, घे गो बाऽय!"

दिवाणखाना हसून लोटपोट झाला. "अगं बाई, कोळीण विमानात बसून आली!" कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. "टिपणीसबाई, तुमच्याआधी सुकटवाली गेली हो!"

पडद्यावरची विक्रेतीही हसली. मग तिचं हसू निवलं. ती फोनकडं वाकली, जणू आत कुणी बसलं आहे, आणि त्या आवाजाला उत्तर दिल्यासारखी काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली गं ती?" एकीनं विचारलं.

"असेल थँक्यू-बिंक्यू," श्यामलाबाई घाईनं म्हणाल्या. मग स्वतःला सावरत, लाडानं, "सुनूला विचारा ना. सुनू, सांग की. तुझंच डिपार्टमेंट!"

सगळ्या वळल्या. हाएरे माइ, ए तामाआ. विक्रेती त्या आवाजाला जेवायला बोलावत होती. सुनीतीबाईंनी वाणाचं ताट खाली ठेवलं. त्यांच्या वाटणीची साबणाची वडी पदरात पडलेली होती, ती काढून त्यांनी परत रांगेत लावली, कडेला कड जुळवून.

"सुनू?"

त्यांनी दारातल्या चपलांमधून आपली जोडी शोधली, पायात सरकवली आणि पायर्‍या उतरून गेल्या.