पित्तरपाठातलं घर

सहदेव इंगळेच्या घरातली कोणतीही चांगली वस्तू बोट लावून दाखवा, ती पितृपक्षात, गावच्या बोलीत पित्तरपाठात, घेतलेली निघणार. फ्रिज पितृपक्षातला, मोटरसायकल पितृपक्षातली, बायकोच्या, म्हणजे जनकाबाईच्या, गळ्यातली सोन्याची पोतही त्यातलीच. भाद्रपदाच्या त्या शेवटच्या पंधरवड्यात सगळं गाव कावळ्यांना वडे घालण्यात गुंतलेलं असायचं, नवी सुईसुद्धा कोणी घरात आणायचं नाही. आणि हा एस.टी. डेपोतला मेकॅनिक पांढराशुभ्र सदरा घालून नांदुऱ्याच्या रिकाम्या दुकानांतून नवरदेवासारखा हिंडायचा. माशा मारत बसलेले दुकानदार त्याला पाहून उठून उभे राहायचे. खुर्ची काय, चहा काय, आणि वर भावात सूट.

"आपल्याले पंचांग अडवत नाही आन् पित्तर बी अडवत नाहीत," तो म्हणायचा. "मग दसऱ्याच्या गर्दीत ढकलाढकली काऊन करा?"

मोताळ्याकडच्या फाट्यावर, रस्त्याला लागून, त्याचं घर होतं. ती जागाही पितृपक्षात घेतलेली. इतकंच काय, मुलीचं, समताचं, लग्नही त्याने पितृपक्षातच लावलं. मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळालं म्हणून. पुढे ते लग्न मोडलं आणि गावाला आयता विषय मिळाला. पाण्याच्या टाकीजवळ बायका कुजबुजायच्या, अशा दिवसांत लग्न लावल्यावर दुसरं काय होणार. समताच्या कानावर ते आलं तेव्हा ती हसली. "दारू तो बाराही महिने पेत होता," म्हणाली. "पित्तरपाठाचं नाव उगाच खराब."

समता नांदुऱ्याला दवाखान्यात नर्स होती आणि भाड्याच्या खोलीत राहायची. यंदा पोळ्याच्या सुमाराला घरमालकाने तिला सांगितलं, दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा. कारण सांगितलं नाही. नवी खोली शोधायला ती तीन गल्ल्या फिरली, आणि फोनवर बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, माहे पाय दुखत नाहीत, पण तेच-तेच सवाल ऐकून कान दुखून राह्यले."

सहदेवने त्याच दिवशी ठरवलं. फाट्यावरचं घर विकायचं, नांदुऱ्यात स्वतःचं घ्यायचं, तिघांनी एकत्र राहायचं. मालक आपणच असल्यावर खोली रिकामी करायला सांगणार कोण?

गिऱ्हाईक तर दारातच उभं होतं. शेजारच्या वावराचे मालक उकंडराव यांना आपल्या पोरासाठी खत-बियाण्याचं दुकान टाकायचं होतं आणि सहदेवचं घर नेमकं रस्त्यावर. दोघे लहानपणचे सोबती. भावही जमला. "पण इसार घटस्थापनेले देईन," उकंडराव म्हणाले. "त्याच्या आंधी माहा बुढा सपनात येऊन मारंल मले."

सहदेव मनात खूश झाला. त्याला स्वतःचा हिशेब दिसत होता: घ्यायचं पितृपक्षात, पडत्या भावाने, विकायचं घटस्थापनेला, चढत्या भावाने.

नांदुऱ्यात हिंमतरावांचं घर विकायचं होतं. म्हातारा-म्हातारी अकोल्याला लेकीकडे जाणार होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड. समताचा दवाखाना पायी जाण्याजोगा. ऐन पितृपक्षात सहदेव तिथे पोचला आणि दारातूनच मोठ्याने म्हणाला, "जय भीम."

ही त्याची जुनी रीत. इंगळे हे आडनाव त्या भागात मराठ्यांतही आहे आणि बौद्धांतही. त्यामुळे सौदा पिकत येतो, मग कोणीतरी हळूच 'इंगळे म्हणजे कोणते' विचारतो, आणि चहा थंड होतो. त्यापेक्षा उंबऱ्यावरच सांगून टाकलेलं बरं. ज्याला बहाणा करायचा त्याचा चहा तरी वाचतो.

"जय भीम, जय भीम. या, बसा," हिंमतराव म्हणाले. चहा आला. घर दाखवलं, लिंबाची लिंबंही तोडून हातात दिली. भाव ठरला. सहदेवने खिशातून इसाराची नोट काढली, तेव्हा मात्र हिंमतरावांनी दोन्ही हात जोडले.

"सहदेवभाऊ, आता नका. पित्तरपाठ सरू द्या. घटस्थापनेनंतर घेतो. थांबा जरासे."

सहदेवने नोट परत खिशात घातली आणि परतीची जीप धरली.

'थांबा' हा शब्द त्याने आयुष्यात फार ऐकला होता. तरुणपणी नांदुरा डेपोत बदली झाली तेव्हा खोलीसाठी फिरताना एकाने सांगितलं होतं, थांबा, चुना मारायचाय. एकाने सांगितलं, थांबा, पोरीचं लग्न आहे. त्या घरात पोरगीच नव्हती, हे त्याला पुढे कळलं. आता हा तिसरा थांबा. खरा की खोटा? आणि जय भीम दोनदा काऊन म्हणाला तो? एकदा पुरे नव्हतं?

"दोनदा म्हटलं त बिघडलं काय?" जनकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"जास्तीचं गोड बोलणं मले पचत नाही."

"उकंडरावानं बी तुमाले थांबाच म्हटलं ना? त्याचा थांबा खरा, आन् ह्याचा खोटा?"

उकंडरावाला तो ओळखत होता, हिंमतरावाला नाही. एवढाच काय तो फरक. पण पंधरवडाभर सगळ्या दुकानदारांना हसणारा माणूस आता स्वतःच पितृपक्ष संपायची वाट पाहू लागला, आणि ही गोष्ट फाट्यावरच्या चहावाल्यापासून लपली नाही. "काय सहदेवभाऊ, यंदा खरेदी दिसत नाही?" तो विचारायचा. सहदेव चहा न पिताच उठायचा.

त्यात समताचा फोन आला. दवाखान्यात सुई टोचून घ्यायला आलेली एक बाई हिंमतरावांच्या गल्लीतलीच निघाली. समता कोण, हे तिला माहीत नव्हतं. तिने मोकळेपणाने सांगितलं की गल्लीतली चार माणसं हिंमतरावांच्या ओट्यावर जाऊन बसली होती. बाहेरच्यांना घर देऊ नका, आम्ही आमच्यातलं गिऱ्हाईक आणतो, असं म्हणाली.

"मंग हिंमतराव काय म्हणले?" सहदेवने विचारलं.

"ते तिले मालूम नव्हतं. मी सुई जरा जोरात टोचली, बाबा."

एरवी बाप हसला असता. तो नुसता हं म्हणाला. हिंमतरावाचा पितृपक्ष खरा असेलही. पण त्या खऱ्या पितृपक्षाने गल्लीला सवड दिली होती, तिचं काय करायचं?

सर्वपित्री अमावस्येला उकंडरावांनी नेहमीप्रमाणे त्याला जेवायला बोलावलं. कढी, वडे, आळूची भाजी. दरवर्षी दोघे शेजारी बसून जेवायचे आणि सहदेव त्यांच्या बापाच्या जुन्या खोड्या सांगून पंगतीला हसवायचा. यंदा त्याने वड्याचे तुकडे करून ताटातच ठेवले.

"उद्या सकाळी इसार आणतो बे," उकंडराव म्हणाले. "तयार राह्य."

सहदेवच्या डोळ्यापुढे हिंमतरावांचा ओटा आला, त्यावर बसलेली चार माणसं आली. उद्या इथे इसार घेतला आणि तिथे नकार मिळाला, तर दिवाळीत समता रस्त्यावर आणि आपण नवरा-बायकोही रस्त्यावर. त्याने पाण्याचा गडवा उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाला, "उकंडराव, थांब जरासा."

पंगतीत वाढणाऱ्या सुनेचाही हात थांबला.

"थांब म्हंजे?"

"दोनचार दिवस. माहं तिकडचं पक्कं होऊ दे."

उकंडरावांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "तिकडचं बिकडचं काही नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दसरा जवळ आला, भाव वाढवून राह्यला तू. तुही सारी उमर दुसऱ्याच्या अडचणीत भाव पाडण्यात गेली. आता माह्याच गळ्यात?"

सहदेव खरं सांगू शकला असता. पण खरं सांगायचं म्हणजे गल्ली, ओटा, चार माणसं, ती का आली, हे सगळं उकंडरावांच्या पंगतीत बसून सांगायचं. त्याची जीभ रेटेना. तो हात धुऊन घरी आला.

घटस्थापनेच्या सकाळी उकंडरावांनी इसार दिला. फाट्याच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या जागेला. ही बातमी सहदेवला चहावाल्याने सांगितली, आणि ती ऐकून तो घराकडे वळतो तोच समोरच्या जीपमधून धोतर सावरत हिंमतराव उतरले.

"जय भीम," ते म्हणाले. यावेळी एकदाच. "घर सापडलं म्हणा. घटस्थापना झाली, मी आलो."

सहदेवच्या ओट्यावर बसून ते पाणी प्याले आणि कोणी काही न विचारता त्यांनी सांगून टाकलं. "गल्लीतले लोक आले होते. त्यायनं गिऱ्हाईक बी धरून ठेवलं. मी म्हटलं, मी जबान देली. पण माही बाई भेकड आहे, आन् लेक अकोल्याहून रोज फोन करते, मिटवा म्हणते. दसऱ्यापरेंत मी त्यायले रोखीन. त्याच्या पुढं माह्यानं होणार नाही. तुमचं घर इकलं ना?"

जनकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. सहदेवने जमिनीकडे.

"इकून राह्यलो," तो म्हणाला. मग, "जरासे थांबा."

हिंमतराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत संशय होता की दया, हे सहदेवला ओळखता आलं नाही. ती नजर आपण आजवर दुसऱ्यांवर किती वेळा टाकली, एवढंच त्याला जाणवलं. शेवटी म्हाताऱ्याने हात पुढे केला. "ते नोट द्या. इसार घेतला म्हणतो. गल्लीले सांगाले तेवढं तरी राहीन."

जीप गेली. सहदेव तडक उकंडरावांकडे गेला आणि यावेळी सगळं सांगितलं. गल्ली, ओटा, चार माणसं. उकंडराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"कालच सांगाले काय झालतं तुले?" ते म्हणाले. "मले बी तू त्याच चारात धरलं." मग, "माहा पैसा आता गुतला. इसार काही मागं घेता येत नाही. तुह्या घराचं पुढच्या पित्तरपाठात पाहू. तवा सस्तं भेटते म्हणतोस ना."

बोलताना ते हसले नाहीत. टोमणा त्यांचा त्यांनाच लागला असावा, कारण फाटकापर्यंत ते सोबत आले.

दुपारी सहदेवने गेरू कालवला, खुर्चीवर चढला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं: घर विकणे आहे. खाली मोबाईल नंबर. जनकाबाईने खुर्ची धरली होती.

"दसऱ्याच्या आंधी पाह्यजे, असं लिहा ना," ती म्हणाली. "म्हंजे लोक लवकर येतीन."

"नाही." त्याने ब्रश गेरूत बुडवला. "अडचण दिसली की भाव पाडतात."

"तुमाले कोणं सांगतलं?"

त्याने पुढचा आकडा काढायला घेतला. रस्त्यावरून बाजाराला निघालेली माणसं नव्या कापडाच्या पिशव्या सांभाळत भिंत वाचून जात होती, आणि समोरच्या टपरीवर, सकाळचं ओट्यावरचं बोलणं ऐकलेला चहावाला एकेकाला अडवून, दसऱ्यापर्यंत, दसऱ्यापर्यंत, असं बोटावर मोजून सांगत होता.